ते म्हणाले की त्या म्हणाल्या?

संपादक महोदय,

ड्रॅग कलावंतांवरच्या मराठी बातम्यांत एक घोळ वारंवार दिसतो. मथळ्यात ‘तृतीयपंथी कलाकार’, पहिल्या परिच्छेदात ‘साडी नेसलेला हा तरुण’ आणि शेवटी ‘ती म्हणाली’. एका बातमीत एकाच माणसाच्या तीन ओळखी! ड्रॅग हा वेश आणि रंगभूषेतून स्त्रीचे किंवा पुरुषाचे ठसठशीत रूप मंचावर उभे करण्याचा सादरीकरणाचा प्रकार आहे. तो करणारा पुरुष असेल, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री असेल, स्वतःला दोन्हींत न मोजणारी व्यक्ती असेल. मिशी चिकटवून ‘ड्रॅग किंग’ होणारी बाईही असेल. वेशावरून यातले काहीच कळत नाही.

मराठी प्रेक्षकाला हे अवघड जाऊ नये. १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झालेले बालगंधर्व पडद्यामागे नारायणरावच होते, आणि त्यात कुणाचा गोंधळ झाला नाही. तमाशातल्या नाच्याला मात्र तेवढे औदार्य मिळाले नाही. गणपत पाटलांनी चित्रपटांत नाच्या रंगवला, तर लोकांनी त्यांना पडद्याबाहेरही तसेच धरले.

मराठीत क्रियापद लिंग सांगते, ही अडचण खरी. पण ती वाटते तेवढी मोठी नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे सर्वांना सारखीच. ‘येतात’, ‘येतील’ हीसुद्धा. अडते ते मुख्यतः ‘ते-त्या’पाशी आणि ‘आले-आल्या’, ‘म्हणाले-म्हणाल्या’ अशा भूतकाळी रूपांपाशी. तिथे ‘म्हणाले’ऐवजी ‘त्यांनी सांगितले’, ‘नाचल्या’ऐवजी ‘त्यांनी लावणी सादर केली’ लिहावे. क्रियापद लावणीप्रमाणे चालते, कलावंताप्रमाणे नाही. अर्थात ही सोय विचारायला वेळ नसेल तेव्हाची. वेळ असेल तर सरळ विचारावे: ‘तुमच्याबद्दल ते लिहू की त्या? रंगमंचावर आणि बाहेर एकच, की वेगळे?’ अनेकांना मंचावर ‘ती’ आणि घरी ‘तो’ हवे असते. पारलिंगी स्त्रीला दोन्हीकडे ‘ती’च. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला आहे, तेव्हा बातमीदाराने वेगळा निवाडा करू नये. कलावंत ‘मी येते’ म्हणाला असेल, तर अवतरणात त्याचे ‘येतो’ करणे ही मुद्रितशोधकाची आगाऊ मदत झाली. ‘मूळ नाव’ही आपणहून सांगितल्याशिवाय छापू नये.

विचारायचेच तर रंगभूषेबद्दल विचारा, तिथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. भुवया ग्लू स्टिकने झाकतात: केस चपटे बसवून तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून, वर पावडर, मग फाउंडेशन आणि नवी भुवई जरा उंचावर. थर ओला राहिला की दिव्यांच्या उष्णतेत तो सुटतो आणि खालचे केस डोकावतात. दाढीची निळसर छटा आधी नारिंगी रंगाने मारतात; नाही तर कितीही फाउंडेशन थापले तरी हनुवटी राखाडीच दिसते.

एक विनंती उरली. ‘आधी आणि नंतर’ असा जोडफोटो परवानगीशिवाय छापू नका. घरच्यांना ठाऊक नसलेल्या कलावंताला तो महागात पडतो. आणि मुलाखतीची वेळ प्रयोगानंतरची घ्या. ओठांची कड आखताना कुणालाच उत्तर देता येत नाही.

— काही रंगभूषाकार आणि निवेदक, पुणे