विन्या, राणीनं सॅलॅमँडर पाहिला

विन्या,

भो, बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, फोनवर तू कायम घाईत. इकडे सगळे बरे. आबांची शुगर कंट्रोलमध्ये, माझं बीपी गोळीवर.

आमच्या पोरीनं, राणीनं, दार्जिलिंगहून फोटो पाठवला. आपला सॅलॅमँडर! लॅबच्या बाटलीतला पांढराफटक नाही रे, जिवंत, काकवीच्या रंगाचा, ओलाचिंब, दोन्ही कुशींना गाठींची रांग, चपटी शेपूट अंगाजवळ ओढून शेवाळाखाली पडलेला. घरात कुणाला दाखवू? तुझी वहिनी म्हणाली, शी, पाल. अगदी तुझ्यासारखं! पालीला खवले असतात, हा बेडकाचा भाऊबंद, एवढ्यावरून आपलं बोलणं बंद झालेलं, आणि परीक्षेला तुला नेमका तोच प्रश्न. जर्नलमध्ये आपण त्याचं शास्त्रीय नाव टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस लिहिलं होतं ना, आता तो हिमालयानस झालाय. नेपाळच्या इलाममधल्या नमुन्यांवरून २०१५ मध्ये वेगळी जात ठरली, दार्जिलिंगचाही त्यातच.

आता खरं बोलतो. पोरगी म्हणते, पहिला पाऊस पडेपर्यंत घरी येणार नाही. सुखियापोखरीच्या बाजूला राहते, दोन हजार मीटरच्या वर, बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. मला रात्री झोप नाही. इकडे पारा आठवर आला, केळीवर चरका पडलाय, पानं पिवळी, निसवण थांबलेली, घड बाहेर पडत नाहीत, आम्ही रात्रभर बांधावर शेकोट्या करून धूर धरतोय आणि विहिरीचं पाणी सोडतोय, आणि डोक्यात एकच, इथं ही गत तर तिकडं पोरीचं काय होत असेल.

फोनवर म्हटलं, एवढ्या थंडीत तुझे सॅलॅमँडर तरी कुठं दिसतायत? तर म्हणे पप्पा, तेच तर बघायचंय. नोव्हेंबरच्या सुमारास ते ओंडक्याखाली, दगडाखाली, पालापाचोळ्यात शिरतात ते मार्चपर्यंत. वर हिव पडतं पण खालची माती गोठत नाही. अंगाची सगळी कामं मंद होतात, साठवलेल्या चरबीवर दिवस निघतात. फक्त ओल हवी, कारण श्वास बराचसा कातडीतूनच चालतो. मग एप्रिल-मेच्या पावसाला उठून डबक्याकडे, अंडी पाण्यातल्या झाडपाल्याला. तिच्या मॅडमनी ओंडका उचलून खाली थर्मामीटर सरकवला आणि तो ओंडका होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवला, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

तिची तगमग वेगळीच आहे आणि ती मला पटलीय. जोरपोखरीला या प्राण्यासाठी १९८५ सालीच अभयारण्य झालं, बाकी ठिकाणी डबकी बुजतात, कुठं मासे सोडतात आणि ते पिल्लं खातात, हे लोकांना समजतं तरी. पण तळं राखलं आणि भोवतालचा पाचोळा झाडून काढला, पडलेली लाकडं जळणाला नेली, तर तो हिवाळा काढेल कुठं? तळ्यात तो चार महिने दिसतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तळ्यावर.

आणि हो, तू म्हणायचास ना, थंड रक्ताचा प्राणी गोठला की संपला? सायबेरियातला सॅलॅमँडर गोठून पुन्हा उठतो. हिवाळ्याआधी यकृत ग्लिसरॉल तयार करतं, त्यानं पेशी वाचतात, उणे पस्तीसलाही मरत नाही. राणीनंच सांगितलं, आणि म्हणाली विनूकाकांना नक्की कळव. कळवलं!

इकडे सावद्याचं स्थळ आलंय. पोरगा चांगला आहे, नाही म्हणत नाही, पण त्यांना मार्चमध्ये उरकायचंय. आबा म्हणतात पोरीला बोलवून घे, डोंगरात काय ठेवलंय. तुझी वहिनी रोज तोंड बारीक करून बसते. माझ्यानं तिला परत ये म्हणवत नाही रे. बीएस्सी झाल्या झाल्या मी केळीत आलो, तू बँकेत गेलास, आणि पोरगी तिथं उभी आहे जिथं आपण दोघं जाणार होतो. आबांपुढे माझं काही चालत नाही, पण तुझं ते ऐकतात, लहानपणापासून ऐकतात. तर संक्रांतीला ये. तिला जूनपर्यंत तिथं राहू द्या, एवढं बोल, स्थळाचं मग बघू.

नवीन घराचं काम कुठवर आलं? सुमनला विचारलंय म्हणून सांग, बंटीचा रिझल्ट कळव. भरीत आणि कळण्याची भाकरी करायला लावतो. गाडीनं आलास तर रावेरला उतर, घ्यायला येतो.

तुझा,
सुऱ्या