दोन दारांची गाडी

जालना
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय दिग्या,

फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू हसला असतास, मग मीही हसून विषय बदलला असता आणि गोष्ट तिथंच राहिली असती. म्हणून लिहायला बसलोय. रविवार आहे, आपली कापसाची जिनिंग बंद आहे, घरचे सगळे राजूरच्या गणपतीला गेलेत. जाताना स्कॉर्पिओत आठ जण कोंबून गेले. आठ हा आकडा ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

मी एक गाडी बघितलीय. बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन, २०१९ ची, निळी, २२ हजार किलोमीटर चाललेली, पुणे पासिंग. मालक दुसरा. वाकडला राहतो, माणूस बरा वाटला. ५६ लाख सांगतोय. नवी आली तेव्हा शोरूमची किंमत ८० लाखाला टेकलेली होती, वर टॅक्स-इन्शुरन्स वेगळं. म्हणजे स्वस्त आहे असं म्हणायला जागा आहे. ५६ लाखांना स्वस्त म्हणायची वेळ माझ्यावर आली हे वाचून तू हसणार, हस.

तुला आठवतं का, २०१० च्या ऑक्टोबरात आपण मेसमध्ये पेपर वाचत होतो? औरंगाबादच्या लोकांनी एकाच दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या, स्टेट बँकेनं कर्ज दिलं, सगळ्या देशात बोंबाबोंब. तू वरणाची वाटी बाजूला सारून पेपरच्या कडेला भागाकार केलास. सरासरी ४३ लाखाला एक. मग तू म्हणालास, आपलं मेसचं बिल धरलं तर एका गाडीत दोघं मरेपर्यंत जेवू. मी काही बोललो नव्हतो, कारण मी मनातल्या मनात गाडीच धरली होती. पुढं तू शेंद्र्याच्या कारखान्यात जाऊन ऑडी जोडताना बघून आलास आणि महिनाभर आम्हाला टॉर्क रेंच शिकवत होतास. आता तू त्याच धंद्यात आहेस आणि मी रुई-सरकीत. म्हणून हे पत्र तुलाच.

आधी गाडीचं सांगतो, मग बाकीचं.

दोन आठवड्यांपूर्वी पुण्याला गाठींच्या पैशासाठी आलो होतो तेव्हा तुला न सांगता बघून आलो. रागावू नको, तू बरोबर असतास तर मला खोटं बोलता आलं नसतं. सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट ती जरा खेकसते, मग शांत होते. सहा सिलिंडर एका ओळीत, तीन लिटर, दोन टर्बो, ४१० हॉर्सपॉवर. आपल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचे नऊ ट्रॅक्टर एका बोनेटखाली, आणि नांगर एकही नाही. मालक म्हणाला, ऑइल गरम होईपर्यंत दाबू नका. मला ते आवडलं. ज्याला स्वतःच्या गाडीची काळजी आहे तो विकतानाही ते बोलून जातो. (किंवा त्याला ठाऊक होतं की मला हे ऐकायला आवडेल. तुझ्यासारख्या संशयी माणसाबरोबर चार वर्षं काढल्याचा हा परिणाम.)

बायपासला लागल्यावर त्यानं खूण केली आणि मी पाय दिला. दिग्या, मी काही लिहू शकत नाही त्याबद्दल. पाठ सीटला चिकटली आणि तोंडातून आईच्या नावानं काहीतरी निघालं, एवढंच. कंपनी म्हणते ४.२ सेकंदांत शंभर.

आता जे खटकलं ते. मी टायरवरचे आकडे बघितले, तूच शिकवलेलं, शेवटचे चार अंक, आठवडा आणि वर्ष. उजवं पुढचं २०१९ चं. मागची दोन्ही २०२२ ची, ते समजू शकतो, मागच्या चाकांवर जोर असलेली गाडी आहे, मागचीच आधी झिजणार. पण डावं पुढचं एकटंच २०२४ चं. एकच का बदललं? मालक म्हणाला, खड्ड्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली. पस्तीस प्रोफाइलचं टायर आहे, रबर म्हणजे भाकरीच्या काठाएवढं, फाटू शकतं. पण मग मी बोनेट उघडून डाव्या फेंडरचे, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट बघितले. त्यातल्या दोघांच्या डोक्यावरचा रंग पान्यानं खरवडलाय, म्हणजे ते कधीतरी खोललेत. उजवीकडचे अगदी कोरे. मी काही बोललो नाही. तो चहा आणायला आत गेला तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवले, सोबत पाठवतो.

म्हणून काम असं आहे: १३ तारखेच्या शनिवारी तू जाऊन बघ. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तुमच्याकडं कुणाकडं तरी असेलच. डावं फेंडर, डावं दार आणि पुढच्या काचेशेजारचा डावा खांब, तिन्ही मोज. फेंडर नुसतं रंगवलेलं असेल तर चालेल, आपल्या देशात फेंडर रंगवल्याशिवाय गाडी मोठी होत नाही. खांबापर्यंत काही गेलं असेल तर विषय संपला.

दुसरं इंजिनाचं. हे एस५५ इंजिन, बीएमडब्ल्यूच्याच एम४ मध्येही हेच होतं. याची एक गोष्ट मी रात्र-रात्र वाचत बसलोय. क्रँकशाफ्टच्या टोकाला हब असतो आणि टायमिंग चेनचं दातेरी चाक तिथं नुसतं एका मोठ्या बोल्टच्या ताणावर दाबून धरलेलं असतं. मधे चावी नाही, खाच नाही. कुणी रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, ताकद वाढवली आणि सिग्नलला रेस लावत बसला तर ते चाक तसूभर सरकतं, टायमिंग बिघडतं, आणि नशीब फुटकं असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. कारखान्यातून आली तशीच ठेवलेल्या गाडीत हे क्वचितच होतं म्हणतात. म्हणून मला एवढंच हवंय की रिमॅप कधी झालंय का ते तू शोधून काढ. मालकाला विचारून नाही, स्कॅनर लावून. पहिला मालक कोण होता, काय वयाचा होता, तेही जमलं तर. पंचविशीतला असेल तर किंमत आणखी तीन लाखांनी पाड.

पेट्रोलचंही बघ. हल्ली पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉल. त्यातलं थोडं आपल्याच अंबड-घनसावंगीच्या उसाचं असणार, त्यामुळं तक्रार करायलाही लाज वाटते. तरी टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचून सांग.

पैशाचं थोडक्यात. कर्ज काढणार नाही. सीए म्हणतो फर्मच्या नावानं घे, १५ टक्के घसारा मिळेल. मी म्हटलं, फर्मच्या नावानं घेतली तर ती सगळ्यांची होईल. तो बघतच राहिला. गाडीशिवाय सहा लाख बाजूला काढून ठेवलेत: चार टायर, ब्रेक, गिअरबॉक्सचं ऑइल, विमा, आणि सर्व्हिससाठी दरवेळी पुण्याचा फेरा. तुझ्या हिशेबानं कमी पडत असतील तर स्पष्ट सांग.

आता सगळ्यांची म्हणजे काय, ते तुला पुण्यात बसून कळणार नाही. तुझी गाडी तुझी आहे. इथं गाडी कुणा एकाची नसते. आपली स्कॉर्पिओ या एका वर्षात कुठं-कुठं गेली सांगू? चुलत्याच्या पोरीच्या साखरपुड्याला दोन चकरा. शेजारच्या काकूंना रात्री दोन वाजता घाटी दवाखान्यात. मुनिमाच्या पोराला परीक्षेच्या सेंटरवर. एका मयतीला परभणी. पंढरपूर. शिवाय सरपंचाच्या मेव्हण्यानं दोन दिवस मागून नेली ती डाव्या आरशाशिवाय परत आली. मी नाही म्हणत नाही, म्हणताच येत नाही. ज्याच्या दारात गाडी त्याच्या दारात रात्री कडी वाजणारच, आणि कुणाच्या दारात ती वाजायची थांबली तर गावानं त्याला सोडलं असं समजायचं.

आणि मला हवीय दोन दारांची गाडी. मागं दोन सीट आहेत नावाला. मी बसून बघितलं, गुडघे हनुवटीला. अण्णांना फोटो दाखवला तर ते गाडीची ताकद, किंमत काही बोलले नाहीत. एकच प्रश्न: "अन् बसणार किती जण?" मी म्हटलं चार, तसे दोनच. तर म्हणाले, "मग मपल्याला न्यायचं असलं तर तुही बायको घरी का?" मला उत्तर सुचलं नाही. कारण खरं उत्तर असं आहे, आणि हे मी फक्त तुलाच लिहितोय, की तिच्यात कुणाला घेता येत नाही म्हणूनच ती मला आवडलीय. साखरपुड्याला ती मागता येणार नाही. तिच्यात पेशंट आडवा टाकता येणार नाही. कुणी मागितली तरी लोकच म्हणतील, तिचं काय कामाचं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट अशी दिसली जी फक्त माझ्या कामाची आहे, आणि तेही काही काम नसताना.

चालवणार कुठं, हाही प्रश्न आहेच. समृद्धी महामार्ग आहे. जूनमध्ये शेवटचा तुकडाही सुरू झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर सलग, आणि तो आपल्या जालन्यावरनं जातो. सकाळी सहाला निघायचं, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला कुंपण, रोही (नीलगाय) आडवा यायची भीती नाही. पण मर्यादा १२० ची, कॅमेरे आहेत. ४.२ सेकंदांत शंभर, आणखी एखाद-दोन सेकंदांत एकशेवीस, मग मेहकरपर्यंत पाय आखडून गाणी ऐकायची. आणि मंठा रोडवरून फॅक्टरीकडं वळणारा तो दीड किलोमीटर तर तू बघितलायस. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की बैलसुद्धा थांबतात. तिथं हिचं नाक पहिल्याच दिवशी निघेल. म्हणजे फॅक्टरीत स्कॉर्पिओनंच जायचं.

आणि ते बरंच आहे, कारण परवाची गोष्ट सांगतो.

सप्टेंबरात इकडं काय झालं ते तुला ठाऊक आहे. वावरं तळी झाली, बोंडं झाडावरच सडली. जो कापूस वाचला तो अजून ओला येतोय. परवा एक शेतकरी छोटा हत्ती भरून घेऊन आला, वय असेल साठ. ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं, १६ टक्के दाखवलं. सरकारी खरेदीचे सीसीआयवाले बाराच्या वर घेत नाहीत, म्हणून तो माझ्याकडं आलेला. त्यानं मूठभर कापूस काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, "मालक, तीन दिवस ऊन देऊ राह्यलो याला. हाताला तरी सांगा, ओला लागतो का?" हाताला खरंच कोरडा लागत होता. वरचा कोरडाच असतो. मी ओलाव्याची घट, म्हणजे कापायचं वजन, सांगितली. तो काही बोलला नाही, टेबलाजवळ उभा राहिला. टेबलावर माझा मोबाइल उघडा पडलेला, त्यावर ही निळी गाडी. त्यानं वाकून बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "केवढ्याची हो ही?"

मी म्हटलं, "असंल बारा-पंधरा लाखाची."

बारा-पंधरा! तोंडातून कसं निघालं कळलं नाही. त्यानं मान हलवली, "भारी हाय," म्हणाला, आणि पावती घेऊन काट्याकडं गेला. मी नंतर मुनिमाला सांगून घट दोन टक्क्यांनी कमी करायला लावली. त्यानं ना त्याचं भलं झालं ना माझं. मुनिमाला वाटतंय मालकाला हिशेब येईना झालाय.

तू म्हणशील, मग घेऊ नको. तसं सोपं नाहीये. मी कुणाचं काही बुडवलेलं नाही, २०२१-२२ ला भाव दहा हजारांच्या वर गेला त्या साली कमावलं ते घरात आहे, पोरीच्या नावाची एफडी आहे, अण्णांचं ऑपरेशन झालं. हाच पैसा प्लॉटमध्ये घातला तर कुणी एक शब्द विचारणार नाही. पांढरी फॉर्च्युनर आणली तर वाजतगाजत पूजा होईल, आणि ती हिच्यापेक्षा फार स्वस्त नाही बरं. फॉर्च्युनर चालते कारण तिच्यात सात जण बसतात. उधळपट्टीला इथं कुणाची ना नाही, फक्त ती सगळ्यांना घेऊन करायची.

माझं सध्याचं मत असं आहे: ५१ ला दिली, खांब कोरा निघाला आणि रिमॅप नसला तर घेईन. त्याच्या वर एक रुपया नाही. घेतली तर दोन वर्षं ठेवीन, पस्तीशीत हौस फेडून घेईन, विकताना जे जाईल ते जाईल. आणि खरं सांगू का, त्या डाव्या फेंडरच्या बोल्टांवर माझं एक मन टपून बसलंय. तुझा फोन यावा, "खांब गेलाय, सोड," आणि मी मोकळा व्हावं. दुसरं मन रोज रात्री त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लावून ऐकतं. बायको म्हणते आवाज कमी करा, पोरगी उठेल.

तर शनिवारी जा. सकाळी लवकर जा, आणि मालकाला आदल्या दिवशीच बजावून सांग की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघ, गारच लागलं पाहिजे. मगच चावी माग.

तुझाच,
बंड्या

ता. क. — पत्र बंद करत होतो तेवढ्यात मंडळी राजूरहून आली. अण्णांनी मोबाइलवर पुन्हा फोटो मागितला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हिची स्टेपनी कुठंय?" मी सांगितलं, नसते, पंक्चरचं किट देतात. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.