बाबांची पेट्रोलची वही

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

परवा फोनवर माझा आवाज फारच चढला, त्याबद्दल आधी सॉरी. बाबा, तुम्ही एवढंच म्हणत होतात की इलेक्ट्रिक गाडी बनवतानाच इतका कार्बन हवेत जातो की त्यापेक्षा पेट्रोलची बरी, आणि मी तुम्हाला वाक्य पूर्ण करू दिलं नाही, वर जुनी गाडी विकून टाका म्हणून हट्ट धरला. आई मध्ये दोनदा म्हणाली, "अगं, त्यांचं ऐकून तरी घे." तेही ऐकलं नाही. फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली, मग म्हटलं वाद घालण्यापेक्षा हिशोबच करू, आणि हिशोबाला बाबांच्या वहीसारखं दुसरं काय मिळणार. आईकडून गुपचूप सगळ्या पानांचे फोटो मागवले.

काय वही आहे हो ती! १४ वर्षं, दर वेळी पेट्रोल भरलं की तारीख, मीटरचं रीडिंग, लिटर. एकही नोंद सुटलेली नाही. हात फ्रॅक्चर होता तेव्हाची दीड पानं आईच्या अक्षरात आहेत, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. मला नुसतं एक्सेलमध्ये भरायलाच दोन संध्याकाळी लागल्या. बेरीज आली १,१२,००० किलोमीटर आणि ७,४५० लिटर, म्हणजे लिटरला १५ चं अॅव्हरेज.

आता एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आई, तू लगेच म्हणशील की लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल? मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. पण पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन, त्यामुळे वजन वाढतं. तर तुमच्या वहीतलं पेट्रोल म्हणजे १७ टन. शिवाय तेल जमिनीतून काढायचं, रिफायनरीत शुद्ध करायचं, टँकरने पंपापर्यंत आणायचं, त्याचे साडेतीन टन धरले. गाडी तयार करतानाचे अंदाजे ६ टन. सगळे मिळून साडेसव्वीस टन.

आता तेवढेच किलोमीटर इलेक्ट्रिक गाडीने गेले असतात तर? बाकीची गाडी तशीच, ६ टन, वर बॅटरी. बाबा, तुमचा मुद्दा इथे आहे आणि तो खोटा नाही. बॅटरीचे सेल बनवायला खूप उष्णता आणि वीज लागते, लिथियम, निकेल काढून शुद्ध करायला लागते ती वेगळी. फक्त आकडे जुने फिरतायत. २०१७ मध्ये स्वीडनच्या आयव्हीएल या संस्थेने बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे (म्हणजे एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेमागे) १५० ते २०० किलो असा अंदाज दिला होता आणि तो सगळीकडे पसरला. २०१९ मध्ये त्याच संस्थेने नवी माहिती घेऊन तो ६१ ते १०६ वर आणला, कारण कारखाने मोठे झाले होते आणि मधल्या काळात खरे आकडे हाती आले होते. पण ही दुसरी बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही. मी मध्यम आकाराची ४० किलोवॅट-तासांची बॅटरी घेतली, ७५ ने गुणलं, ३ टन आले. म्हणजे गाडी रस्त्यावर यायच्या आधीच ९ टन, पेट्रोलच्या दीडपट.

पुढे सगळं विजेवर अवलंबून. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.१६ युनिट, म्हणजे १४ वर्षांत जवळपास १८ हजार युनिट. कोळशाचा वाटा मोठा असलेल्या ग्रिडवर युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास निघतात, त्या हिशोबाने साडेबारा टन, एकूण साडेएकवीस. तुमच्या गाडीपेक्षा ५ टन कमी. निव्वळ कोळशाची वीज धरली तर युनिटला जवळजवळ एक किलो, आणि मग इलेक्ट्रिक गाडी २७ वर जाते, पेट्रोलच्या बरोबरीत किंवा किंचित जास्तच!! हे बघून मी खरंच गप्प बसले. आणि नॉर्वेसारख्या देशात, जिथे जवळपास सगळी वीज पाण्यावर होते, तिथे तेच १० टनांच्या आसपास थांबतं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये असाच जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशोब काढला होता, मध्यम आकाराच्या गाडीसाठी युरोपात ६६ ते ६९ टक्के बचत, चीनमध्ये ३७ ते ४५, भारतात १९ ते ३४. माझे ५ टन म्हणजे १९ टक्के, म्हणजे अगदीच चुकले नाही.

एक गोष्ट मात्र वहीत दिसत नाही. पेट्रोलची गाडी पहिल्या दिवशी जेवढं सोडते तेवढंच, किंवा थोडं जास्त, शेवटच्या दिवशी सोडते. विजेचं तसं नाही. ब्रिटनमध्ये २०१२ ला ४० टक्के वीज कोळशाची होती आणि ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, म्हणजे तिथे २०१२ ला घेतलेली इलेक्ट्रिक गाडी मालकाने काहीही न करता दर वर्षी स्वच्छ होत गेली. म्हणून आजच्या विजेचा आकडा पुढच्या १४ वर्षांना लावणं मला पटत नाही.

पण तुमची गाडी विकायचा हट्ट मी मागे घेतेय. शेवटची चार पानं बघितली, वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर होतात आता. तेवढ्यावर इलेक्ट्रिक गाडी वर्षाला दोनशे-सव्वादोनशे किलो वाचवेल, आणि नवी गाडी बनवायला ९ टन आधीच गेलेले, ते फिटायला आजच्या विजेवर चाळीस वर्षं लागतील. शिवाय तुम्ही विकलेली गाडी काही भंगारात जाणार नाही, दुसरं कुणीतरी तीच कदाचित जास्त चालवेल. तुमची गाडी ठणठणीत आहे, ती चालवा. टायरमधली हवा महिन्याला बघत जा, हवा कमी असली की अॅव्हरेज पडतं, मागच्या पावसाळ्यातल्या नोंदीत १३ च्या खाली गेलेलं दिसतंय, तेव्हा हेच झालं असेल का?

माझं वेगळं आहे. माझी गाडी आता खरंच संपलीय, काही ना काही नवं घ्यावंच लागणार, आणि माझं रनिंग वर्षाला २०,००० च्या घरात जातं. नवी पेट्रोल की नवी इलेक्ट्रिक एवढाच प्रश्न असला की बॅटरीचे ३ टनच फेडायचे, ते दोन-सव्वादोन वर्षांत फिटतात, पुढचा सगळा फायदा. बॅटरी टिकेल का ही तुमची काळजी मला कळते, पण बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि गाडीतून काढल्यावरही ती वीज साठवायला वापरता येते. छोटी बॅटरीवालीच घेणार आहे, रोज लागत नाही एवढी रेंज कशाला वाहत फिरायचं.

बाबा, एक्सेलची फाईल आईच्या फोनवर पाठवलीय. सातवी ओळ नीट बघा, तिथे रीडिंग १ आहे की ७ हे मला फोटोत कळलं नाही, मी ७ धरलंय. चुकलं असेल तर सांगा, बेरीज परत करते.

तुमची,
ताई