बाबा, ती तपासणी करूनच घ्या

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "नळी गिळायची तपासणी मला नको" म्हणून तुम्ही फोनवर विषयच संपवलात, म्हणून हे पत्र. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'क्लॉट की मास?' (गुठळी की गाठ?) असं लिहिल्यापासून आई झोपलेली नाही.

छातीवरून इको करताना फासळ्या आणि फुप्फुसं आड येतात. हृदयाचा डावा वरचा कप्पा सगळ्यात मागे, अन्ननलिकेला लागून असतो. म्हणून टीईईत, म्हणजे या नळीच्या इकोत, अन्ननलिकेतूनच बघतात. तुमचे ठोके अनियमित, त्यामुळे तो कप्पा नीट आकुंचन पावत नाही आणि त्याच्या कडेच्या छोट्या पिशवीत रक्त साचतं. झडपा ठीक असलेल्या अशा रुग्णांत या कप्प्यातल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या तिथेच सापडतात, आणि नेमकी तीच जागा छातीवरून नीट दिसत नाही.

गाठ असली तर ती मिक्सोमा असू शकते. ही हृदयातली गाठ बहुधा दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकलेली असते, ठोक्यासरशी हलते. आई, मिक्सोमा म्हणजे कर्करोग नव्हे. पण तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. स्टॉकहोमला क्राफोर्ड या सर्जननी १९५४ सालीच तसा काढला होता. गुठळी निघाली तर बहुतेक वेळा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. इतके वेगळे उपचार अंदाजाने कसे ठरवायचे? तरीही शंका उरली तर एमआरआय. गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एमआरआयच्या चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून दिलेलं औषध तिच्यात शिरत नाही. गाठीत बहुधा शिरतं. त्या औषधासाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट जवळ असू दे.

तपासणीआधी सहा तास पोटात काही नको. कवळी काढावी लागेल. घशात बधिर करणारा फवारा मारतात, गुंगीचं औषध देतात, डाव्या कुशीवर झोपवतात. बधिरपणा जाईपर्यंत चहासुद्धा घ्यायचा नाही. दिवाळीत भाकरीचा घास अडकतो म्हणत होतात, ते डॉक्टरांना आधीच सांगा, लपवू नका. शुगरच्या गोळीचंही विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

आई, यांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मला फोन करण्यात वेळ न घालवता आधी १०८ लाव.

मी गुरुवारी रात्री पोचते. शुक्रवारी सकाळी आपण तिघं मिळून जाऊ. जुने ईसीजी काढून ठेव.

तुमची,
मनू