मीठ विकत आणते म्हणून

विश्रामबाग, सांगली

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, दिवाळीत तुम्ही माशांच्या टाकीपुढं खुर्ची ओढून बसला होता. मी वजनकाट्यावर मीठ मोजून बादलीत घालत होते. तुम्ही म्हणालात, "आमचं रान मिठानं गेलं, आणि तू मीठ विकत आणून पाण्यात घालतीस?" आणि चहा अर्धा ठेवून उठलात. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. फोनवर विषय काढावा तर आई मध्येच "पोरं जेवली का" विचारते. म्हणून लिहायला बसले.

हे मासे गोड्या पाण्यातले नाहीत आणि खोल समुद्रातलेही नाहीत. नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी हे त्यांचं घर. नाव नारिंगी क्रोमाइड. केरळात त्यांना पल्लत्ती म्हणतात. तिथला राज्यमासा करीमीन, त्याची ही धाकटी भावंडं. हळदीच्या रंगाचे, बोटाएवढे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. मी सात-आठ ग्रॅमच ठेवते. पाण्यात हायड्रोमीटर, म्हणजे पाणी किती खारं ते दाखवणारं मापक, सोडायचा आणि काटा १.००५ वर आला की हात थांबवायचा. घरातलं खायचं मीठ चालत नाही, कारण ते नुसतं सोडियमचं. माशांना कॅल्शियम, मॅग्नेशियमही लागतं, म्हणून समुद्री टाकीचं वेगळं मीठ आणावं लागतं. सोडियमनं घट्ट झालेल्या चोपण तुकड्यात तुम्ही जिप्सम विस्कटायचात ते कॅल्शियमसाठीच ना? मला ते इतक्या वर्षांनी इथं कळलं.

याआधी मी पफर जातीचा एक मासा आणला होता, पाठीवर पिवळी नक्षी असलेला. दुकानदारानं "गोड्या पाण्यातलाच आहे, काही लागत नाही" म्हणून दिला. दोन महिन्यांत तो खंगत गेला आणि एका सकाळी तळाशी पडलेला दिसला. त्याला मचूळ पाणी हवं होतं, हे मी नंतर वाचलं. मीठ नाही म्हणून गेला तो, अण्णा. त्या दिवशी मला फार लागलं होतं.

पण तुम्हाला सांगायचंय ते एप्रिलचं. सांगलीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आठवड्याला टाकीचं पाणी चार बोटं उतरायचं. मी दर वेळी मीठ कालवलेलंच पाणी वरून ओतत राहिले. तिसऱ्या आठवड्यात मासे कोपऱ्यात दाटीनं उभे, खाणं बंद. हायड्रोमीटर सोडला तर काटा कुठल्या कुठं. मग डोक्यात उजेड पडला. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ जात नाही. ते मागं राहतं आणि साठत जातं. आटलेल्याच्या जागी नुसतं गोडं पाणी घालायचं असतं, आणि मीठ कमी करायचं तर थोडं खारं पाणी बाहेर काढावंच लागतं. मी रोज दोन-दोन बादल्या काढून तेवढंच गोडं पाणी घालत आठवड्याभरात काटा खाली आणला.

टाकीपुढं बादली घेऊन बसले असताना मला नाल्याकडचा दीड एकर दिसला. उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरा पापुद्रा यायचा, आम्ही पोरं तो पायानं खरडायचो. उसाला पाणी, वरनं पुन्हा पाणी, खाली काळी माती आणि निचरा नाही. पाण्याची पातळी वर आली, उन्हानं पाणी उडालं, क्षार वरच राहिले. मोकाट पाणी दिलं म्हणून रान गेलं, असं तुम्ही स्वतःला बोल लावता. पण अण्णा, ते एकट्या तुमच्या पाण्यानं झालेलं नाही. वरच्या सगळ्या रानांचं पाणी पाझरून तुमच्याच तुकड्यात उतरलंय. खारं पाणी बाहेर जायला वाट नव्हती, एवढीच गोष्ट आहे. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकतात ते हेच करतात: गोडं पाणी वरून क्षार धुऊन खाली नेतं, आणि पाइप ते नाल्याला काढून देतो.

आई, आता तुझ्यासाठी. मागच्या महिन्यात जोडीनं कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. एकेक अंडं बारीक देठानं चिकटलेलं. दोघं आळीपाळीनं पंख हलवून त्यांना वारा घालायची. एक खायला गेलं की दुसरं तिथंच. पिल्लं निघाल्यावर त्यांनी ती तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात नेऊन ठेवली. आठवड्यानं पिल्लं पोहायला लागली, आणि मी काचेला नाक लावून बघते तर ती आई-बापाच्या अंगाला जाऊन टोचतायत! मला वाटलं चावतायत. तसं नाही, त्यांच्या अंगावरचा चिकट थर पिल्लं खातात, त्यावर वाढतात. ती दोघं अंग न हलवता उभी राहतात. ऑफिसला उशीर झाला तरी मी उठले नाही. तू असतीस तर पोळ्या टाकायच्या सोडून बसली असतीस.

अण्णा, आता कामाचं. मी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन आले. आधी माती तपासायची, सामू (पीएच) आणि क्षार दोन्ही. पाइपाचं शेजारच्या दोन्ही बांधवाल्यांशी तुम्हीच बोला, एकट्यानं टाकून पाणी कुठं काढणार? माझ्या वाट्याचे पैसे मी घालणार आहे, माझ्या पगारातले आहेत, नको म्हणू नका. पुढच्या रविवारी याल तेव्हा नाल्याकडच्या तुकड्यातली माती आणा. आठ-दहा ठिकाणची खणून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत बांधा. खताच्या पोत्यात नको.

येताना आईला गाडीत खिडकीकडं बसवा, तिला मळमळतं.

तुमची,
माई