घाटातल्या गाड्यांचे काय?

महोदय,

पार्किंगच्या जागेचा पुरावा दिल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ देऊ नये, असा विचार राज्य सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखवला. विचार चांगलाच आहे. पण गाडी काय फक्त घराखालीच उभी राहते?

मी राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. वाकडपाशी अर्धा क्लच दाबून गुडघा धरतो, म्हणून कामाला कंपनीच्या बसनेच जातो, निदान डुलकी तरी लागते. गाडी आठवडाभर कव्हरखाली. हप्ता, विमा, पीयूसी मात्र चुकत नाही. मग शनिवारी घरातून फर्मान निघते, ‘गाडी घेतलीये कशाला?’ की निघालो ताम्हिणीला!

पण चांदणी चौकातून सुटलेले अर्धे पुणे पौडच्या पुढे पुन्हा भेटतेच. गेल्या पावसाळ्यात धबधब्याच्या एका वळणावर दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. कोकणातून आलेली एसटी मध्येच अडकली. कंडक्टर खाली उतरून एकेका गाडीचा आरसा मिटवत होता, ड्रायव्हर इंच-इंच पुढे घेत होता आणि मागून आमचे हॉर्न. खिडकीशी बसलेल्या आजी आमच्याकडे बघत होत्या. त्या काही सहलीला निघालेल्या नव्हत्या.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पौडला सशुल्क वाहनतळ करून पुढे एसटीच्या फेऱ्या सोडाव्यात. पैसे आनंदाने भरू. आणि वळणावर लावलेल्या गाडीला जबर दंड करावा, मग ती आमची का असेना.

– एक वाचक, कोथरूड, पुणे