वारूळ कुणी बांधलं?

मा. संपादक,

देवाचा विषय निघाला की 'तिथे तर्क चालत नाही' म्हणून आपण मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही. घड्याला कुंभार, तसा जगाला कर्ता, हे नैयायिकांचं (न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं) अनुमान. त्यावर बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी विचारलं, मग मातीचं वारूळही कुंभाराचंच का? (केवढा नेमका प्रश्न!) नैयायिक उदयनाचार्यांनी पुढे ईश्वरसिद्धीसाठी अख्खा ग्रंथ लिहिला. गणिती तर्कशास्त्रज्ञ गोडेलची ईश्वरसिद्धी तर २०१३ मध्ये संगणकावर तपासली गेली. न्यायदर्शनातल्या संज्ञा उलगडणाऱ्या झळकीकरांच्या 'न्यायकोशा'ची १९२८ची आवृत्ती आपल्या भांडारकर संस्थेचीच. पुण्यातल्या महाविद्यालयांनी तर्कशास्त्राच्या तासाला हा वाद फळ्यावर मांडावा, आस्तिक-नास्तिक दोघांनाही बोलू द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे